डिंक्याची हाक

गोलकीपरला हातांइतकाच आवाज लागतो, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्या नाट्यगृहाची मागची भिंत आणि फुटबॉल क्लबचं मैदान एकमेकांना चिकटून होतं. शोकांतिकेच्या तिसऱ्या अंकात मी मरायला टेकले की हमखास पत्र्यावर धाडकन चेंडू पडायचा आणि पलीकडून टाळ्या यायच्या. पहिली दोन वर्षं मला वाटलं, माझं मरण लोकांना फार आवडतंय.

एका सकाळी क्लबचे मास्तर एका लांबलचक तरुणाला दंडाला धरून तालमीच्या वेळी आत घेऊन आले.

"बाई," मास्तर म्हणाले, "याचे हात देवानं स्वतः बसून केलेत. आवाज करायचा राहून गेला. तेवढा तुम्ही करून द्या."

"बोल रे काहीतरी," मी त्याला म्हटलं.

तो काहीतरी बोलला. ओठ हललेले मला दिसले. शेवटच्या रांगेत पेपर वाचत बसलेले आमचे प्रॉम्प्टर, ज्यांना सदैव सर्दी, ते पेपरामागूनच म्हणाले, "बाई, हा बोललाय की नुसता श्वास घेतलाय?"

तोच डिंक्या. हे नाव त्याला प्रेक्षकांनी पुढे दिलं, कारण चेंडू हाताला लागला की चिकटलाच. पण त्या हातांचं रहस्य डिंकात नव्हतं, काचेत होतं. त्याच्या वडिलांचं खिडक्यांना काचा बसवायचं दुकान होतं. उभ्या लाकडी कप्प्यांत काचेची मोठी तावदानं, मध्ये जुने कागद, आणि कापायच्या टेबलावर जाड कांबळं. तो दहा वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या समोरच्या टोकाला उभा राहून तावदान धरायचा. वडील म्हणायचे, काच पकडायची नसते, तिला हातात येऊ द्यायचं. असे हात तयार झालेले. आणि त्याच दुकानात आवाजाची वाट लागलेली. काचेच्या दुकानात कुणी ओरडत नाही. एक दचकला तर दुसऱ्याचा अंगठा जातो. त्या घरात आईसुद्धा जेवायला या म्हणून हातानं खूण करायची.

मास्तरांची अडचण साधी होती. बाजूनं उंच चेंडू गोलासमोर आला की तो कुणी घ्यायचा हे क्षणात ठरावं लागतं. गोलकीपर घेणार असेल तर तो 'माझा' म्हणून हाक देतो. हाक आली की पुढचा बचावाचा माणूस, चेंडू अगदी त्याच्या कपाळावर येत असला तरी, बाजूला होतो. वाद नाही, विचार नाही. डिंक्या हाक द्यायचा, पण ती पुढच्याच्या कानापर्यंत पोचायची नाही, आणि दोघांची डोकी नारळासारखी आपटायची. तोवर तीन जणांना टाके पडले होते.

चार महिने तो रोज सकाळी येत होता. मी त्याला रंगमंचावर उताणा झोपवायची, पोटावर जुन्या नाटकांच्या वह्यांचं गाठोडं ठेवायची आणि म्हणायची, गाठोडं हललं पाहिजे, गळा नाही. प्रॉम्प्टर शेवटच्या रांगेत पेपर धरून बसायचे. नीट ऐकू आलं तर पेपर खाली करायचा, नाहीतर पान उलटायचं, असा करार. पहिले तीन आठवडे त्यांनी निधनवार्तांपासून हवामानापर्यंत सगळा पेपर वाचला.

"अरे, तू चेंडू मागतोयस की क्षमा?" मी ओरडायची. "पहिल्या अक्षरात तू घरमालक. दुसऱ्या अक्षरात बाकीचे सगळे पाहुणे. चल!"

एक दिवस आवाज आला. ओरडणं नव्हे, ओरडणं कुणालाही येतं. तो आवाज आला आणि मागच्या भिंतीला हात लावून परत माझ्यापर्यंत आला. प्रॉम्प्टरांनी पेपर खाली केला, चष्मा काढला आणि म्हणाले, "घे बाबा, तुझाच."

त्या दिवशी मास्तर त्याला न्यायला आले होते. त्यांनी त्याला माझ्यासमोरच बजावलं, ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "आता ऐक. हाक दिलीस की निघायचंच. चुकीची दिलीस तरी निघ. गोल झाला तर मी बघून घेईन. पण हाक देऊन जागेवर थांबलास, तर तुझ्यासाठी बाजूला झालेल्या माणसाचा तू गळा कापलास म्हणून समज."

डिंक्यानं मान हलवली. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्या वयात मान हलवायला काय लागतं!

पुढली तीन वर्षं तो राखीव गोलकीपर होता. बाकावर, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या कोटात. पहिला गोलकीपर चाळिशीला टेकलेला. सगळे त्याला काका म्हणायचे. काकांच्या करंगळीचं हाड मोडलं, डिंक्या आत गेला, आणि काका करंगळी बरी करून आले तेव्हा त्यांनी बाकावरचा कोट आपणहून अंगात घातला. "बटणं तेवढी बदलून घेतो," म्हणाले, "पोरानं चावून खाल्लीत."

त्याच्यासमोर मधोमध जो बचावाला उभा राहायचा त्याला खांब म्हणत. उंच, रुंद, बोलायला उतावळा, हसायला त्याहून. डिंक्याची हाक आणि खांबाचं डोकं यांची अशी जोडी जमली की प्रतिस्पर्ध्यांनी उंच चेंडू टाकणंच सोडलं. खांब म्हणायचा, "मला मागे बघावंच लागत नाही. मागे आकाशवाणी केंद्र आहे." एका हंगामात ओळीनं नऊ सामन्यांत गोल नाही. क्लबनं दोनदा विजेतेपद मिळवलं. डिंक्याला चोविसाव्या वर्षी देशाच्या संघात बोलावणं आलं. आणि खांबानं डिंक्याच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं.

तिला घरात छोटी म्हणत, आणि ती पाच फूट आठ इंच होती. चष्म्याच्या दुकानात कामाला. डिंक्याहून चार वर्षांनी लहान, पण दादाच्या हातमोज्यांपासून त्याच्या मुलाखतींपर्यंत सगळ्यावर देखरेख तिची. लग्न ठरलं तेव्हा डिंक्यानं खांबाला 'मेहुणेबुवा' म्हणायला सुरुवात केली, आणि खांब भर मैदानात, चेंडू खेळात असताना, वळून म्हणायचा, "बोला, साले साहेब!" पंचांनी एकदा त्यांना समज दिली होती.

आता तो सामना सांगते. इतकी वर्षं तो सांगणं टाळत आले.

डिंक्या सत्तावीस वर्षांचा. खांबाला तीस लागायच्या बेतात पहिल्यांदा देशाच्या संघात घेतलं होतं. त्याचा तो तिसरा सामना. देशाला जगाच्या मोठ्या स्पर्धेत जायला त्या दिवशी बरोबरीसुद्धा पुरली असती. सामना आमच्याच शहरात. डिंक्यानं मला गोलाच्या अगदी मागची, तिसऱ्या रांगेतली जागा दिली होती. उत्तरार्धात तो माझ्या बाजूच्या गोलात आला. त्याच्या पाठीवरचा घामाचा नकाशासुद्धा मला दिसत होता.

सहा मिनिटं राहिली होती. शून्य-शून्य. डाव्या बाजूनं एक चेंडू उंच आला. फार वेगात नाही. असा की खांबानं झोपेतसुद्धा डोक्यानं पार मध्यरेषेपर्यंत मारला असता. तो दोन पावलं मागे येऊन उडी घ्यायच्या तयारीत होता.

"माझा!"

ऐंशी हजार लोकांच्या गदारोळात मला तो स्वच्छ ऐकू आला. तो आवाज मी घडवला होता. मला तो भूकंपातही ऐकू आला असता. खांबानं डोकं खाली घातलं, जसं गेली पाच वर्षं घालत होता. आणि डिंक्यानं एक पाऊल पुढे टाकलं, समोरून प्रतिस्पर्ध्यांचा सांडासारखा आघाडीचा खेळाडू धावत येताना पाहिला, आणि टाकलेलं पाऊल मागे घेतलं. पाऊलच, फक्त एक. चेंडू खांबाच्या वाकलेल्या मानेवरून गेला आणि त्या खेळाडूनं तो कपाळानं आत ढकलला.

क्षणभर डिंक्या माझ्या दिशेनं वळला, जाळ्यातून चेंडू काढायला. त्याचा चेहरा मी पाहिला. त्यानं मला पाहिलं की नाही ते कधी विचारलं नाही.

देश स्पर्धेबाहेर गेला. टीव्हीवर रात्रंदिवस तेच दृश्य. त्यात आवाज फक्त गर्दीचा आणि समालोचकाचा. दिसायचं काय? एक धिप्पाड माणूस समोर आलेल्या चेंडूला घाबरून वाकतो. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत: 'खांब वाकला.'

कपडे बदलायच्या खोलीत काय झालं ते मला खूप नंतर डिंक्यानंच सांगितलं. प्रशिक्षकानं खांबाच्या समोर उभं राहून विचारलं, "का सोडलास?" खांबानं डिंक्याकडे पाहिलं. डिंक्या दातांनी हातमोज्याचा पट्टा सोडवत होता. तो पट्टा हातानंही सुटला असता. खांबानं थोडी वाट पाहिली. मग म्हणाला, "चुकलं माझं." त्याला वाटलं, आता डिंक्या बोलेल. डिंक्याला वाटलं, बाहेर गेल्यावर बोलू. बाहेर पत्रकार होते. त्यांनी थेट विचारलं, तुम्ही हाक दिली होती का? डिंक्या म्हणाला, "गोंगाट एवढा होता, की कोण काय बोललं ते सांगणं कठीण आहे."

वाक्य कसं बेतलंय पाहा. त्यात खोटं शोधून सापडत नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोलले, पण इतकं साफसूफ वाक्य कुठल्या नाटककारानं मला दिलं नाही.

आणि मी? मीही गप्प बसले. स्वतःला सांगितलं, प्रेक्षकानं रंगमंचावर चढायचं नसतं. खरं कारण वेगळं होतं. तो माझा विद्यार्थी होता, आणि त्या हाकेत एक बारीकशीही चूक नव्हती. त्याचा आवाज वाया गेलेला मला सोसवला असता. तो आवाज खोटा ठरलेला लोकांनी पाहावा, हे नको होतं.

खांबाला देशाच्या संघानं पुन्हा बोलावलं नाही. क्लबच्या मैदानावर चेंडू उंच आला की प्रेक्षक हजारोंच्या संख्येनं एकदम वाकायचे आणि हसायचे. दोन हंगाम त्यानं काढले. मग खालच्या श्रेणीतल्या क्लबकडे गेला, तिथंही तेच. पस्तिशीच्या आतच तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला. "बरा धंदा," मला म्हणाला. "वर गेलेलं खाली येतं, खाली गेलेलं वर येतं. आणि अडकलं तर लोक मला शिव्या देत नाहीत, माझी वाट बघतात." चष्म्याच्या दुकानात लोक छोटीला विचारायचे, "काय हो, नवऱ्याला एक चष्मा फुकट नाही का देत?" ती फ्रेम पुसत राहायची.

आणि तीच छोटी त्या सामन्यानंतर चौथ्या दिवशी दादाच्या घरी गेली होती. दारातच म्हणाली, "दादा, यांच्यामुळे तुझी स्पर्धा गेली. मला माफ कर." डिंक्या म्हणाला, "असू दे गं." पुढे दर चार वर्षांनी ती स्पर्धा सुरू झाली की पहिल्या दिवशी तिचा फोन यायचा. "तुला तिथं असायला हवं होतं, दादा. आमच्या घरामुळे राहिलं." आणि तो दरवेळी म्हणायचा, "असू दे गं."

त्याची कारकीर्द मात्र चांगली झाली. हे सांगायला हवं, कारण ती खरंच चांगली होती. देशासाठी एकेचाळीस सामने. सात सामन्यांत कप्तान. तीन वर्षं परदेशातल्या एका थंड शहरात खेळला. तिथल्या भाषेतली हाक तेवढी शिकला, बाकी खुणांवर भागवलं. दोन दात गेले, खांद्याचं हाड दोनदा मोडलं, कारण त्या दिवसानंतर हाक दिली आणि निघाला नाही असं एकदाही झालं नाही. समोर सांड येवो नाहीतर आगगाडी. पेपरवाले लिहायचे, एवढा बेडर गोलकीपर या देशानं पाहिला नाही. मी ते कापून ठेवायची, आणि कापताना मला वाईट वाटायचं.

दर हंगामाच्या शेवटी तो यायचा, आणि आमचं बोलणं त्या एका गोष्टीच्या भोवती फिरून परत जायचं. करार संपू दे. कप्तानपद सुटू दे. वडिलांचं ऑपरेशन होऊ दे. सांगायला चांगली वेळ तो शोधत होता. अशी वेळ कुणाला सापडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

अडतिसाव्या वर्षी निरोपाचा सामना झाला. आदल्या दिवशी येऊन म्हणाला, "बाई, उद्या सांगतो."

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्या दिवशी मला कळलं की त्यानं मला पाहिलं होतं.

सामना संपला. मैदानाच्या मधोमध त्याच्या हातात माईक दिला. त्यानं वडिलांचे आभार मानले, मास्तरांचे, काकांचे, गवत कापणाऱ्याचे, तिकीट फाडणाऱ्या म्हातारीचे. माझेही मानले. मग म्हणाला, "आणि माझा मेहुणा..." खांब आणि छोटी तिसऱ्या रांगेत बसले होते. खांबाच्या अंगात इस्त्रीचा निळा शर्ट. डिंक्या थांबला. लोकांना वाटलं, विनोद येतोय. कुणीतरी उभं राहून वाकून दाखवलं. मग सगळा स्टँड वाकला. हशा. आणि खांबानंही, चांगला माणूस तो, उठून दोन्ही हात डोक्यावर घेऊन वाकून दाखवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. छोटी मांडीवरच्या पर्सकडे बघत होती.

"...त्यानं मला फार सांभाळून घेतलं," डिंक्यानं वाक्य पुरं केलं. लोक आणखी हसले.

मी विंगेत उभी राहून नटांना शब्द विसरताना पुष्कळ पाहिलंय. तो विसरला नव्हता. शब्द तोंडात होता, आणि त्यानं गिळला.

पुढे पंधरा वर्षं क्लबच्या गोलकीपरांना शिकवण्यात गेली. मास्तर गेले, प्रॉम्प्टर गेले, आमचं नाट्यगृह पाडून तिथं मोटारी उभ्या करायची जागा झाली. आणि मागच्या वर्षी एका वाहिनीनं कार्यक्रम काढला: मैदानावरच्या मोठ्या फजित्या. त्यांना खांब हवा होता. स्टुडिओत येऊन त्यानं पुन्हा वाकून दाखवायचं, एवढंच. खांब तयार झाला. "तेवढ्यानं लोक खूश होतात तर बिघडलं काय," म्हणाला. छोटीला ते सहन होईना. रविवारी दुपारी तिनं दादाला घरी बोलावलं.

पुढचा प्रवेश मी पाहिलेला नाही. डिंक्या आणि खांब, दोघांकडून वेगवेगळा ऐकलाय, आणि दोघांचे शब्द जुळतात. छोटीचं स्वयंपाकघर. डिंक्या टेबलाशी, खांब ओट्यापाशी धुतलेल्या थाळ्या पुसत.

"दादा, तू सांग त्या लोकांना," छोटी म्हणाली. "तुझं ऐकतील. यांना काही वाटत नाही, पण मला वाटतं. चूक झाली, मान्य. तुझं नुकसान झालं, मी नाही म्हणत नाही. पण माणसानं किती वर्षं वाकायचं?"

"छोटी, मी हाक दिली होती."

"कसली हाक?"

"माझा म्हणालो होतो. यानं सोडायलाच हवा होता चेंडू. हा चुकला नव्हता. मी आलो नाही."

छोटीनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ऐकू आली होती?"

"याची हाक?" खांब म्हणाला. "बहिऱ्याला विचार, त्यालाही आली असेल."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला? प्रशिक्षकाला सांगायचं काम याचं होतं. मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, गोलकीपरवर ढकलतोय."

"मला. मला का नाही सांगितलं?"

खांबानं हातातली थाळी पुन्हा पुसली. "नवरा मठ्ठ निघाला तर बाई निभावून नेते गं. चार दिवस चिडते, मग त्यावर विनोद करते. भाऊ तसा निघाला तर काय करतात, मला माहीत नव्हतं."

छोटी भावाकडे वळली. मग डिंक्याला म्हणाली, "म्हणजे सव्वीस वर्षं मी तुझी माफी मागत होते. आणि तू मला ती देत होतास."

ती आतल्या खोलीत गेली आणि दार हळूच लावलं. डिंक्या मला म्हणाला, आपटलं असतं तरी चाललं असतं.

खांब रागावला तो त्यानंतर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मला एकट्याला गाठून सांगितलं असतंस तर मी 'बरं' म्हटलं असतं, आणि आपण उठून फिरायला गेलो असतो. मी तुझ्यासाठी गप्प बसलो नव्हतो, गाढवा. तिला भाऊ राहावा म्हणून बसलो होतो. लोक हसले, हसू दे. एवढं एक मी जपलं होतं. तेही आज तू घालवून मोकळा झालास."

डिंक्या तिथेच थांबला नाही. आता निघालोय तर पुरतं जायचं, असं म्हणून वाहिनीकडे गेला आणि कॅमेऱ्यासमोर सगळं सांगितलं. हाक दिली, पाऊल मागे घेतलं, पत्रकारांना ते वाक्य सांगितलं. अर्ध्या तासाचं त्यांनी वीस सेकंद दाखवलं. आणि लोकांनी काय म्हणावं? 'काय मोठ्या मनाचा माणूस! मेहुण्याची चूक या वयात स्वतःच्या अंगावर घेतोय.' फोन आले, पत्रं आली. क्लबनं सत्कार ठेवायचा विचार केला, तो त्यानं हातापाया पडून थांबवला. खरं इतक्या उशिरा आलं, की लोकांनी त्याला औदार्य समजून हार घातले. खांब अजून वाकणाराच आहे. आता फक्त त्याचा मेहुणा देवमाणूस ठरलाय.

मी नाकावर जुना चष्मा चढवून छोटीच्या दुकानात गेले. मध्यस्थी करायला, दुसरं काय. तिनं मला खुर्चीत बसवलं, चष्मा घेतला आणि बारीक पेचकसानं त्याचा स्क्रू पिळायला लागली.

"बाई, तुम्ही गोलामागे बसला होतात ना त्या दिवशी?"

"हो."

"ऐकली होतीत?"

खोटं बोलायची ती माझी शेवटची संधी होती, आणि मला खोटं उत्तम बोलता येतं. तोच माझा धंदा होता.

"ऐकली होती," मी म्हटलं.

तिनं दुसऱ्या बाजूचा स्क्रू पिळला. "म्हणजे माझ्या संसारातली गोष्ट नवऱ्याला माहीत, भावाला माहीत, नाटकातल्या बाईंना माहीत. मी तेवढी तिकीट काढून बसलेली." चष्मा माझ्या कानांवर नीट बसवून तिनं मागे सरून पाहिलं, सरळ आहे का ते. "दादाला सांगा, यायचं तर येऊ दे. घरात यायला मी कुणाला बंदी करत नाही."

तेव्हापासून तो महिन्याच्या पहिल्या रविवारी जातो. खांब आणि तो गॅलरीत बसतात, खाली रस्त्यावरच्या गाड्या बघतात, गुडघ्यांबद्दल बोलतात. खांबाचा राग महिनाभरात उतरला. तो राग धरून ठेवायला त्याच्याकडे जागाच नाही. छोटी आतच असते. दर खेपेला डिंक्या तिथून थेट माझ्याकडे येतो, आणि मी दर खेपेला विचारते, आज बोलली का?

आठ महिने उत्तर एकच होतं. परवा मात्र जिना चढतानाच त्याचा चेहरा उजळलेला. चौपन्न वर्षांचा माणूस, धापा टाकत, दारातूनच सांगायला लागला.

"बाई, आज बोलली! चहा घेऊन गॅलरीत आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि स्वतःहून बोलली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, साखर किती घालू?"

मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. ती दहा वर्षांची असल्यापासून, चाळीस वर्षं, त्याचा चहा छोटीनंच केला होता. तो बसला, बुटाच्या नाड्या सोडायला वाकला, आणि बराच वेळ वर आला नाही.